टपावर किती आणि काय? रूफ रॅक घेण्यापूर्वी हे वाचा

लडाख किंवा स्पीतीला स्वतःच्या गाडीने जायचं ठरलं की पहिल्या आठवड्यात हॉटेलची चर्चा होते, दुसऱ्या आठवड्यात थंडीच्या कपड्यांची आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी गाडीची डिकी उघडून म्हणतं, "एवढ्यात कसं मावणार?" प्रश्न खरा असतो. डोंगरदऱ्यांसाठी म्हणून आपण ज्या गाड्या घेतो, त्यांच्याच डिक्या नेमक्या लहान असतात. मारुती जिम्नीत मागची सीट उभी असेल तर फक्त २०८ लिटर जागा मिळते, म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि वर एखादी पिशवी. तीन दारांच्या थारमध्ये मागे दोन माणसं बसली की सामानाला जागा जवळपास उरतच नाही. मग साहजिकच नजर वर जाते, टपाकडे.

टपावर सामान टाकणं आपल्याला नवीन नाही. वडापच्या जीपवर धान्याच्या पोत्यांपासून लग्नातल्या लोखंडी कपाटापर्यंत सगळं चढलेलं आपण पाहिलंय. त्यामुळे "त्यात काय एवढं, एक कॅरिअर बसवून घेऊ" असं वाटणं स्वाभाविक आहे. पण गावातल्या गावात रमतगमत जाणारी वडाप वेगळी आणि मागे मुलं, शेजारी आजी बसलेल्या, हायवेवर ताशी ९० ने पळून मग घाटात आणि शेवटी दगडगोट्यांच्या वाटेवर शिरणारी तुमची गाडी वेगळी. ऑफ-रोड गाड्या मुळातच उंच असतात. त्यांच्या डोक्यावर वजन चढवलं की गाडीचा गुरुत्वमध्य आणखी वर सरकतो आणि वळणावर गाडी जास्त झुकते. म्हणून रॅकचा रंग आणि डिझाइन बघण्याआधी एक आकडा शोधावा लागतो.

आकडा पुस्तिकेत असतो, दुकानात नाही

गाडीसोबत आलेली जाडजूड पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असते. ती काढा आणि छतावर जास्तीत जास्त किती वजन चालतं ते बघा. अनेक एसयूव्हींमध्ये हा आकडा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो, लहान गाड्यांत त्याहून कमीही असतो. दुकानदार म्हणेल, "मॅडम, यावर दोनशे किलो टाका, काही होत नाही." त्याचं म्हणणं रॅकपुरतं खरं असूही शकेल. रॅक दोनशे किलो पेलेल, पण छत पेलेल का? रॅकची क्षमता आणि गाडीची क्षमता यांत जो आकडा लहान, तोच तुमचा आकडा.

आणि इथे बहुतेकांचं गणित चुकतं, कारण रॅकचं स्वतःचं वजनही त्यातच मोजायचं असतं. समजा गाडीची मर्यादा ७५ किलो आहे आणि तुम्ही ३५ किलोंचा मजबूत लोखंडी रॅक बसवला. उरले ४० किलो. २० लिटर डिझेलचं वजन साधारण १७ किलो, लोखंडी जेरीकॅनचं चारेक किलो. असे दोन कॅन वर ठेवले की झाले ४२ किलो. मर्यादा ओलांडली, आणि अजून एकही बॅग चढलेली नाही!

शिवाय हा आकडा बहुधा साध्या रस्त्यासाठी असतो. खाचखळग्यांत गाडी आदळते तेव्हा वरचं वजन त्याच्या मूळ वजनापेक्षा कितीतरी जास्त जोराने छतावर बसतं. रॅक बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या म्हणूनच डांबरी रस्त्याचा आणि ऑफ-रोडचा असे दोन वेगळे आकडे देतात. दुसरा आकडा दिलेलाच नसेल, तर पहिल्याच्या निम्म्यावर थांबणं शहाणपणाचं.

मग छतावरच्या तंबूत दोन माणसं कशी झोपतात, असं तुम्ही विचाराल. गाडी उभी असताना छत बरंच जास्त वजन पेलतं, कारण तेव्हा ना धक्के असतात, ना वळणं. पण असा तंबू स्वतःच ५०-६० किलोंचा असू शकतो आणि गाडी चालत असताना तोही वरच असतो. तेव्हा तंबू घ्यायचा की नाही, हे चालत्या गाडीच्या आकड्यावरून ठरवा.

छप्पर कसं आहे, त्यावर सगळं अवलंबून

जुन्या बोलेरो, सुमो, जिप्सीच्या छताच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी पन्हाळीसारखी पट्टी असते. जिम्नीलाही ती आहे. अशा गाडीवर रॅक बसवणं सगळ्यांत सोपं. पन्हाळीला पकडणारे क्लॅम्प मिळतात, एकही भोक पाडावं लागत नाही आणि नको तेव्हा रॅक उतरवून ठेवता येतो. क्लॅम्प मात्र दोन्ही बाजूंना मिळून निदान सहा असावेत, म्हणजे भार वाटला जातो.

काही गाड्यांच्या छतावर लांबट रूफ रेल असतात. इथे जरा थांबा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवरचे हे रेल निव्वळ शोभेचे असतात! ते छताला जेमतेम धरलेले असतात आणि वजन ठेवू नये असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. दिसायला खरे आणि खोटे रेल सारखेच, त्यामुळे हाताने हलवून काही कळत नाही. पुस्तिका बघा, नाहीतर सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्या.

थारची गोष्ट वेगळी आहे. २०२० मध्ये आलेल्या तीन दारांच्या थारचं हार्ड टॉप पत्र्याचं नाही, फायबरच्या मिश्रणाचं आहे. सॉफ्ट टॉप तर कापडी. या दोन्हींवर थेट वजन टाकायचं नसतं. अशा गाडीसाठी रॅकचे पाय समोरच्या काचेच्या चौकटीजवळून आणि मागच्या बाजूला थेट बॉडीवर टेकतात, म्हणजे छत नुसतं खाली असतं आणि भार बॉडीवर जातो. कुणी फायबरच्या छतालाच बोल्ट मारून कॅरिअर देत असेल, तर नमस्कार करून बाहेर पडा. थार रॉक्सचं छत धातूचं आहे, त्यामुळे थारसाठी बनवलेला रॅक "तोच याला पण बसतो" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका.

भोकं पाडून रॅक बसवणं हा माझ्या मते अगदी शेवटचा मार्ग. पावसाळ्यात पाणी झिरपतं, पत्रा आतून गंजतो, हे तर आहेच. पण नव्या गाड्यांत छताच्या कडेने आतून कर्टन एअरबॅग आणि वायरिंग गेलेलं असतं. ड्रिलचं टोक तिथे लागलं, तर अपघाताच्या वेळी मागे बसलेल्या मुलाच्या डोक्याशी उघडणारी ती पिशवी उघडेलच याची खात्री नाही. हे वाचून भीती वाटली असेल, तर वाटायलाच हवी.

लोखंड की अ‍ॅल्युमिनियम?

लोखंड अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड असतं. पण ते स्वस्त पडतं आणि तुटलं तर कुठल्याही तालुक्याच्या गावातला वेल्डर अर्ध्या तासात जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि गंजाला पुरून उरणारं, पण सतत हादरे बसून त्याला चीर गेली तर रस्त्यात दुरुस्ती कठीण, कारण त्याचं वेल्डिंग सगळ्यांना जमत नाही. कोकण, गोवा, केरळ अशा किनाऱ्यालगत राहत असाल, तर खारी हवा लोखंडाला सोडत नाही. पावडर कोटिंगला ओरखडा पडला की तिथूनच गंज सुरू होतो. वर्षातून एकदोन ट्रिप, बॅगा आणि तंबू एवढंच न्यायचं असेल, तर मी अ‍ॅल्युमिनियमकडे झुकेन. कारण वाचलेला प्रत्येक किलो सामानासाठी मिळतो.

आकाराचं म्हणाल तर बुटका, सपाट रॅक उत्तम. उंच कठड्याचा, टोपलीसारखा रॅक फोटोत रुबाबदार दिसतो, पण वारा अडवतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. रिकामा रॅकसुद्धा इंधन खातो आणि वर शिट्टीसारखा आवाज काढतो. पुढच्या बाजूला वारा वळवणारी पट्टी लावली की आवाज बराच कमी होतो.

आणि हो, उंची मोजा! थार मुळात सुमारे १.८५ मीटर उंच आहे. त्यावर रॅक आणि बॅगा चढल्या की दोन मीटर सहज पार होतात. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगचा दांडा किती उंचीवर आहे, हे आधीच बघून ठेवा. नवी उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवली, तर ड्रायव्हिंग आळीपाळीने करणाऱ्या घरात फार उपयोग होतो.

बसवताना गॅरेजमध्ये उभे राहा

रॅक नेहमी दिवसाउजेडी बसवून घ्या आणि मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. आधी छत स्वच्छ धुऊन कोरडं करायचं, नाहीतर क्लॅम्पच्या रबराखाली अडकलेली धूळ रंग घासून काढते. सगळे बोल्ट आधी हाताने बसवायचे, रॅक दोन्ही बाजूंनी सारखा आहे का ते टेपने मोजायचं आणि मग आलटून पालटून, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचं. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली की रॅक तिरका बसतो. किती आवळायचं तो आकडा रॅकच्या माहितीपत्रकात असतो आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. "अंदाजाने बरोबर होतं" म्हणणाऱ्याचा अंदाज बहुतेक वेळा जास्तीकडे झुकतो आणि पन्हाळी वाकते. हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लॉक नट किंवा थ्रेड लॉकर वापरायला सांगा.

काम झाल्यावर रॅकला धरून गाडी जोरात हलवा. गाडी हलली पाहिजे, रॅक गाडीवर हलता कामा नये. सगळी दारं आणि मागचं दार पूर्ण उघडून बघा, सनरूफ असेल तर तेही. पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे, आणि ट्रिपमध्ये रोज सकाळी. मुलांना हे काम द्या, ती आनंदाने करतात. फक्त पाना तुमच्या हातात ठेवा.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परस्पर करता येत नाही आणि बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सामान बाजूला, पुढे-मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलं तर दंड २०,००० रुपये आहे. म्हणून शक्यतो गाडीच्या कंपनीच्या अ‍ॅक्सेसरी यादीतला, भोकं न पाडता बसणारा आणि काढता येणारा रॅक घ्या, बिल गाडीत ठेवा आणि निघण्यापूर्वी आपल्या आरटीओत विचारून घ्या. विमा कंपनीलाही कळवा आणि रॅकची किंमत पॉलिसीत नोंदवून घ्या. रॅकवर झगझगीत एलईडी बार लावून देतो म्हणतील, त्याला नाही म्हणा. समोरच्याचे डोळे दिपतात आणि दंडही तुम्हालाच.

आता वर काय ठेवायचं?

जे आकाराने मोठं पण वजनाने हलकं, ते वर. स्लीपिंग बॅग, तंबू, घडीच्या खुर्च्या, जॅकेटांची बॅग. जे जड, ते गाडीत आणि शक्य तितकं खाली. पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, आईने बांधून दिलेला लाडू-चिवड्याचा डबा (तो तसाही हाताशीच लागतो). घरोघरी याच्या उलट होतं. जड सूटकेस मावत नाही म्हणून ती वर जाते आणि मऊ गाद्या-उशा डिकीत. मागच्या सीटमागे मात्र सीटच्या उंचीपेक्षा वर सुटं सामान रचू नका. जोरात ब्रेक लागला की ते थेट मुलांच्या डोक्यावर येतं.

इंधनाचा प्रश्न लडाखला येतोच. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. जिम्नीची टाकी ४० लिटरची, थारची ५७ ची. चढणीवर गाडी जास्त पिते, तरीही टाकी काठोकाठ भरून निघालात तर बहुतेक वेळा पुरतं. जास्तीचं पेट्रोल न्यायचंच असेल, तर घरगुती वापरासाठी परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये आणि एका कॅनमध्ये २५ लिटरपेक्षा जास्त नाही. प्लास्टिकचे पाण्याचे कॅन त्यासाठी नाहीत. उन्हात पेट्रोल फुगतं, म्हणून कॅन गळ्यापर्यंत भरू नका.

वरचं सामान दोन चाकांच्या मधल्या भागात, दोन्ही बाजूंना सारखं विभागून ठेवा. बांधायला नायलॉनचा दोर किंवा रबरी हुकांपेक्षा रॅचेटचे पट्टे घ्या. रबर ताणतं आणि सामान सरकतं. पट्ट्याला बांधताना एक पीळ दिला की तो वाऱ्यात भणभणत नाही. ताडपत्री घातलीत तर तिचं पुढचं टोक सामानाखाली दाबून टाका, नाहीतर हायवेवर ती शिडासारखी फुगते. निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर, चहाच्या टपरीपाशी, पट्टे एकदा ओढून बघा. बॅगा दबून बसलेल्या असतात आणि पट्टे हमखास सैल निघतात.

लोड केलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं, आणि घाटाच्या वळणावर नेहमीच्या वेगाने शिरलात तर गाडी झुकल्याचं तुमच्या आधी मागे बसलेल्यांना कळतं. जैसलमेरच्या वाळूत किंवा नदीकाठच्या उतारावर गाडी आडवी चालवायची वेळ आली, तर आधी रॅक रिकामा करा. दहा मिनिटं जातील, जाऊ द्या. सगळ्यांना खाली उतरवून सामान उतरवायचं, गाडी एकट्याने पलीकडे न्यायची आणि मग पुन्हा बांधायचं.

घरी परत आल्यावर रॅक काढता येणारा असेल, तर काढून ठेवा. क्लॅम्पखालची माती धुऊन काढा, रबर फाटलंय का बघा, ओरखडे पडलेल्या जागी रंगाचा हात द्या आणि सगळे नट-बोल्ट एका डबीत घालून ती डबी रॅकलाच बांधून ठेवा. पुढच्या सुट्टीत रॅक माळ्यावर सापडतो आणि बोल्ट सापडत नाहीत.