यादी मोठी कोणाची?

परळ, लालबाग, दादर भागातल्या कोणत्याही रुग्णालयात मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो : रोज अर्धा तास चाला. रुग्ण मान डोलावतो आणि आठ-पंधरा दिवस चालतोही. मग पाऊस येतो, गुडघा दुखतो, नातवाची शाळा सुरू होते आणि चालणे सुटते. चालावे हे सगळ्यांना ठाऊक असते. उद्या पुन्हा घराबाहेर पडायला कारण मात्र सापडत नाही.

हौशी पक्षीनिरीक्षकांना हे कारण एका गमतीच्या स्पर्धेतून मिळते. घराजवळची एक जागा निवडायची, वर्षभर तिथे जात राहायचे, दिसलेल्या पक्ष्यांच्या जातींची यादी करायची आणि वर्षाअखेरीस मित्राच्या यादीशी ताडून पाहायची. ज्याची यादी लहान, त्याने चहा पाजायचा. पोरखेळ वाटावा अशा या चढाओढीत आरोग्याचा फायदा आहे आणि विज्ञानाचाही. मात्र गुण कशाला द्यायचे, हे नीट ठरवले तरच.

बंदुकीच्या जागी वही

पक्षी मोजण्याची स्पर्धा शिकारीतून जन्मली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन गट पाडून रानात जायची प्रथा होती. ज्या गटाने जास्त पशुपक्षी मारले, तो जिंकला. पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचवले की, चढाओढ तशीच ठेवू, पण पक्षी मारण्याऐवजी मोजू. त्या नाताळात २७ जणांनी २५ ठिकाणी मोजणी केली. ती आजही दरवर्षी होते आणि शंभराहून अधिक वर्षांच्या त्या नोंदींतून कोणते पक्षी घटले आणि कोणते उत्तरेकडे सरकले, हे शास्त्रज्ञांना समजते.

मुंबईतही गोष्ट बंदुकीपासूनच सुरू होते. १८९६ साली जन्मलेले सालिम अली गिरगावातल्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’त पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखून दिली आणि संस्थेचा पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. पुढे त्याच मुलाने भारतीयांना पक्षी ओळखायला शिकवले.

संघांनी भाग घ्यायची ‘बर्ड रेस’ मुंबईत २००५ साली सुंजॉय मोंगा आणि रवी वैद्यनाथन यांनी सुरू केली. एका दिवसात, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, मुंबई आणि आसपासच्या भागात जास्तीत जास्त जाती पाहायच्या आणि रात्री सगळ्यांनी जमून याद्या जुळवायच्या, असे तिचे स्वरूप. दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई अशा शहरांनीही ती पुढे उचलली. शिवाजी पार्कच्या भाषेत सांगायचे, तर हा एकदिवसीय सामना. ठरलेल्या जागेवरची वर्षभराची चढाओढ ही कसोटी. प्रकृतीच्या दृष्टीने कसोटीच बरी, कारण वर्षातून एकदा बारा तास धावपळ करण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा तासभर चालणे शरीराला मानवते.

चिखलाचे वेळापत्रक

मध्य मुंबईकरांना अशी जागा शोधायला लांब जावे लागत नाही. परळ-लालबागच्या पूर्वेला, हार्बर मार्गावरच्या शिवडी स्टेशनपलीकडे, जुन्या किल्ल्याजवळ खाडीचा चिखल पसरलेला आहे. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीत शिवडी-माहुलची खाडी मोडते. साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येथे दिसतात. त्यांच्याबरोबर शेकाट्या, तुतवार, चिखल्या, टिलवा, मालगुजा, कुरव, सुरय आणि नाना प्रकारचे बगळे असतात. यांतले काही सैबेरिया आणि मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलातले किडे, कोलंबीची पिल्ले, शेवाळ हे त्यांचे अन्न. रोहिताचा गुलाबी रंगही शेवाळातल्या आणि सूक्ष्म जिवांतल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचाच. गाजराला रंग देणारे द्रव्यही त्याच कुळातले.

येथे पक्षी दिसणे भरतीवर ठरते. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, पूर्ण ओहोटीला पक्षी पाण्यामागोमाग दूर जातात. मधल्या वेळी ते काठाजवळ असतात. ही वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. तेव्हा सकाळी आठ-साडेआठला पाणी उतरत असते आणि काठाजवळचा चिखल उघडा पडतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराची, त्यामुळे आठ-नऊला चढते पाणी पक्ष्यांना काठाकडे ढकलते. चतुर्थीला मात्र सकाळी नऊला ओहोटी पूर्ण झालेली असते आणि द्वादशीला त्याच वेळी भरती. दोन्ही दिवशी सकाळची फेरी रिकामी जायची शक्यता जास्त. कॅलेंडर पाहून हा हिशेब करणारा माणूस नकळत पुढच्या आठवड्याच्या चालण्याच्या वेळा ठरवून टाकतो.

मनाला, कानाला, डोळ्याला

पक्ष्यांचा मनावर काय परिणाम होतो, यावर अलीकडे चांगले अभ्यास झाले आहेत. लंडनच्या किंग्ज कॉलेजने १,२९२ जणांना दोन आठवडे दिवसातून तीनदा मोबाइलवर विचारले : आता पक्षी दिसतो किंवा ऐकू येतो आहे का आणि मनःस्थिती कशी आहे? पक्षी दिसल्या-ऐकल्यावर लोकांना बरे वाटत होते आणि हा परिणाम आठ तासांपर्यंत टिकत होता. नैराश्याचे निदान झालेल्यांतही तो दिसला. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बर्लिनच्या संशोधकांनी २९५ जणांना सहा मिनिटांसाठी रहदारीचा किंवा पक्ष्यांचा आवाज ऐकवला. पक्ष्यांच्या आवाजाने चिंता आणि संशयाची भावना कमी झाली. नैराश्याच्या लक्षणांत मात्र फरक पडला नाही.

याचा अर्थ पक्षी पाहून रोग बरा होतो असा नाही आणि कोणीही आपली गोळी बंद करू नये. पण या छंदात बऱ्याच गोष्टी एकत्र येतात. पायी चालणे होते. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ जुळते आणि रात्री झोप लागायला मदत होते. चिखलातला ठिपका तुतवार की टिलवा, हे ठरवताना डोक्यातली घरची, कचेरीची चक्रे थोडा वेळ थांबतात. आणि दुसऱ्याने आज काय पाहिले, हे विचारायला रोज एक माणूस मिळतो. निवृत्तीनंतर एकटे पडलेल्यांना यातले हे शेवटचे सर्वांत मोलाचे.

या खेळात वयाने होणारे बदलही लवकर लक्षात येतात. वाढत्या वयात कानाची शक्ती आधी उंच पट्टीच्या आवाजांसाठी कमी होते. शेजारच्या तरुण सोबत्याला शिंजीराची बारीक चिवचिव ऐकू येते आणि आपल्याला येत नसेल, तर एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. ऐकू कमी येणे लपवत राहिले की माणूस हळूहळू गप्पांतूनही बाहेर पडतो. ओल्या चिखलावरची चमक डोळ्यांना फार त्रास देऊ लागली, रंग मळकट दिसू लागले, तर मोतीबिंदू आहे का, ते तपासावे. कान तरुणाचे आणि ओळख अनुभवी माणसाची, अशी जोडी जमली तर यादी दोघांचीही वाढते.

गुण कशाला द्यावेत?

नुसत्या जाती मोजल्या, तर खेळ बिघडतो. एक जानेवारीला कावळा, घार, पारवा यांच्या नावापुढे खूण केली की वर्षभर त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मग दुर्मीळ पक्ष्यामागे पळापळ सुरू होते. कोणी चालणे सोडून गाडी काढतो, कोणी फोटोसाठी थव्याच्या इतके जवळ जातो की थवा उडतो. लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला असे वारंवार उडावे लागणे महाग पडते. कोणी ‘दिसला असावा’ तोही लिहून टाकतो.

याला उपाय साधा आहे. नव्या जातीला एक गुण, तसा प्रत्येक फेरीच्या पूर्ण यादीलाही एक गुण. पूर्ण यादी म्हणजे ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, कावळासुद्धा. सोबत तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटे आणि साधारण संख्या. असे केले की वर्षात दहा दुर्मीळ पक्षी टिपणाऱ्याला शंभर फेऱ्या करणारा सहज मागे टाकतो. डॉक्टरांना त्या शंभर फेऱ्या हव्या असतात आणि शास्त्रज्ञांना त्या शंभर याद्या.

शास्त्रज्ञांना त्या का हव्यात, हे २०२३ च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालातून कळते. तीस हजारांवर हौशी निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर तो उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला असून १७८ जाती तातडीने लक्ष देण्याच्या गटात आहेत. दूरवरून येणारे किनारी पक्षी घटत आहेत, हेही त्यात नोंदले आहे. पूर्ण यादीत एखाद्या पक्ष्याचे नाव नसले, तर तो त्या दिवशी दिसला नाही हे कळते. नाव नसण्याचीही अशी नोंद होते. घट मोजायची, तर हीच लागते.

शिवडीच्या बाबतीत याची गरज जास्त आहे. २०१५ साली घोषित झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान आहे. शिवडीचा चिखल त्याच्या हद्दीबाहेर राहतो. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू याच चिखलावरून पुढे जातो. पुलाआधी किती पक्षी होते, आता किती आहेत, ते कुठे सरकले, यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. उत्तर मात्र जुन्या-नव्या याद्या शेजारी ठेवूनच मिळेल. ज्या वर्षी कोणी मोजले नाही, ते वर्ष नंतर भरून काढता येत नाही.

सुरुवात करताना

साधी आठ पट दिसणारी दुर्बीण, वही-पेन्सिल आणि ओळखीसाठी एक पुस्तक पुरे. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. क्षणभरातही दृष्टिपटल भाजू शकते. चिखलात उतरू नये. त्यात शिंपले आणि गंजलेले लोखंड असते. मधुमेहींच्या पायाची संवेदना कमी असेल, तर जखम झालेली कळतही नाही, म्हणून बंद बूट हवेत. टोपी, पाणी आणि इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जवळ थोडा खाऊ ठेवावा. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणे झालेच, तर लेप्टोस्पायरोसिसच्या धोक्यामुळे ताप यायची वाट न पाहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्या महिन्यांत राणीची बाग किंवा माहीमचे निसर्ग उद्यान बरे. चालताना छातीत दुखले किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर यादी तिथेच थांबवून तपासणी करून घ्यावी.

पहिल्या दिवशी यादीत कावळा, घार, बगळा, पारवा अशी सात-आठ नावेच येतील. तीही तारीख-वेळेसह लिहावीत आणि सोबत जो येणार असेल, त्याच्याशी पुढच्या फेरीची तिथी त्याच वेळी ठरवून घ्यावी.