दुबईचा कांदा अन् दिल्लीची निवडणूक

लोकसभेची निवडणूक आली की टीव्हीवर परराष्ट्र धोरणाची चर्चा सुरू होते, आणि आपण बायका लगेच चॅनेल बदलतो. अरब देशांशी भारताचं काय चाललंय याचा सटाण्यातल्या घराशी काय संबंध? पण मैत्रिणींनो, संबंध आहे, आणि तो आपल्या कांद्यातून जातो.

खरं तर सरकार बदललं म्हणून अरबांशी असलेलं मोठं धोरण फारसं बदलत नाही. १९७७ साली जनता पक्षाचं सरकार आलं. इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप दिल्लीला येऊन मोरारजी देसाईंना भेटून गेले, तरी अरबांशी मैत्री होती तशीच राहिली. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले ते १९९२ साली, काँग्रेसच्या नरसिंह रावांनी. तेल तिकडून येतं, आपली लाखो माणसं तिकडे कामाला आहेत. कुठलं सरकार उगाच वाकडं घेईल?

निवडणुकीने हलतो तो बाजार. मे २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी व्यापार करार लागू झाला आणि ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यातच बंद! लोकसभा तोंडावर, शहरात कांदा महागायला नको, असं जो तो बोलत होता. शहरातल्या गृहिणीची ओढाताण मला कळते, तीही आपलीच बहीण. पण तेव्हा आपल्याकडे लाल कांदा निघत होता. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, काढला की मिळेल त्या भावात विकावाच लागतो.

बचत गटातल्या एका आक्कांनी मला विचारलं, "ताई, दुबईवाले आपल्यावर रुसले का वो?"

ते कशाला रुसतील! उलट त्यांच्यासाठी खिडकी उघडलीच. १ मार्च २०२४ ला अमिरातीला १४,४०० टन कांदा द्यायची परवानगी निघाली. पण नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्समार्फतच, आणि तीन महिन्यांना ३,६०० टनच. म्हणजे देशाची दोस्ती सांभाळली, शेतकऱ्याचं मात्र दार बंद.

४ मे ला बंदी उठली आणि २० मे ला आपल्या धुळे मतदारसंघात मतदान होतं. योगायोग म्हणायचा का, ते तुम्हीच ठरवा. उठली तीही टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. धुळ्यात शोभा बच्छाव अवघ्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. कारणं बरीच असतील, पण त्यात कांदा नव्हता असं इथे कुणी म्हणणार नाही. मग विधानसभेच्या आधी, सप्टेंबरात किमान भावाची अट गेली, शुल्क निम्म्यावर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही संपलं.

मधल्या काळात आखातातल्या दुकानांत पाकिस्तानचा कांदा जाऊन बसला. पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात आलं, की मी रस्त्या-गटारीच्या आधी एकच विचारणार आहे : "दादा, निर्यात पाचही वर्षं चालू राहील का?"