प्रतिपिंडांवर प्रतिपिंडांचाच उतारा

रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. 'आयटीपी' या विकारात त्या कधी काही हजारांवर येतात. अंगावर लाल ठिपके उठतात, हिरड्यांतून रक्त येते, क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. शरीरानेच तयार केलेले प्रतिपिंड बिंबिकांना चिकटतात आणि मग प्लीहेतील भक्षकपेशी त्यांना शत्रू समजून गिळतात. मारेकरी रक्तातच आहे हे दाखवण्यासाठी अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी १९५० साली रुग्णाचे रक्त स्वतःच्या शिरेत घेतले. काही तासांतच त्यांच्या बिंबिका कोसळल्या! आज असले धाडस कोणी करू देणार नाही.

उपचाराची सुरुवात बहुधा स्टेरॉइडने होते. पण काट्याने काटा काढण्याचे उपायही आहेत. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिले, तर भक्षकपेशी जणू त्यातच गुंतून पडतात. स्वित्झर्लंडमधील पॉल इंबाख यांनी १९८१ साली मुलांमधील हा गुण प्रसिद्ध केला. एक-दोन दिवसांत बिंबिका वाढू लागतात. पण औषध महाग, आणि परिणाम बहुधा काही आठवड्यांपुरता.

अँटी-डी ची युक्ती मला अधिक मजेदार वाटते. हे प्रतिपिंड तांबड्या पेशींना चिकटते आणि भक्षकपेशींपुढे दुसरेच ताट वाढले जाते. बिंबिका तेवढ्या वाचतात. साहजिकच रुग्ण आर-एच पॉझिटिव्ह हवा, आणि त्याची प्लीहा शाबूत हवी. हे टोचायला काही मिनिटे पुरतात, परंतु तांबड्या पेशींचा बळी द्यावा लागतो. क्वचित त्या रक्तवाहिन्यांतच फुटून प्राणावर बेतते. म्हणून २०१० साली अमेरिकेत त्यावर कडक इशारा छापला गेला.

रिटुक्सिमॅबची तऱ्हा निराळी. ते प्रतिपिंडांच्या कारखान्यावर, म्हणजे बी-पेशींवरच, घाला घालते. गुण यायला आठवडे लागतात, त्यामुळे रक्त वाहत असताना त्याची वाट पाहता येत नाही. निम्म्याहून अधिक रुग्णांना आरंभी लाभ होतो. पाच वर्षांनंतर तो टिकून राहतो सुमारे पाचांपैकी एकाचा. सुप्त कावीळ-बी उसळू शकते, म्हणून तिची तपासणी आधी करावीच लागते.

मुलांची गोष्ट मात्र वेगळी. रक्तस्राव नसेल तर बहुतेक मुले काही महिन्यांत औषधावाचूनच बरी होतात, आणि तेथे केवळ आकड्याला भिऊन महागडी बाटली लावण्यात अर्थ नसतो.