राजदंड आणि लेखणी

राजदंड आणि लेखणी एकाच हाती शोभल्याची उदाहरणे इतिहासात विरळाच. आयर्लंडमधील मन्स्टरचा राजा कॉर्मॅक हा बिशप होता व विद्वानही; इ. स. ९०८ मध्ये तो रणांगणावर पडला, पण त्याच्या नावाचा शब्दकोश अद्याप अभ्यासला जातो. असा राजा शोधण्यास महाराष्ट्राला दूर जावयास नको. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर कोकणावर राज्य करणारा शिलाहार अपरादित्य हा त्याच मालिकेतला. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही विस्तृत टीका त्याच्या नावावर आहे.

या कामी दरबारी पंडितांचे साहाय्य त्याला झालेही असेल. तथापि ज्या स्मृतीच्या विवरणाला त्याने आपले नाव दिले, ती राजालाही मोकळा सोडीत नाही. स्वधर्मापासून ढळलेला भाऊ, पुत्र वा मामाही दंडातून सुटत नाही. अन्यायाने घेतलेला दंड राजाने तीसपट करून दान द्यावा, असे ती बजावते. तिच्यातील वर्णभेद आज त्याज्यच. पण सत्तेला नियमाने बांधण्याचा हा आग्रह जुना झालेला नाही.

शिलाहारांचे राज्य पुढे यादवांनी घेतले. ग्रंथ मात्र उरला, आणि तो १९०३-०४ मध्ये छापला पुण्याच्या आनंदाश्रमाने. पाठ्यपुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात गर्दी करणाऱ्या किती जणांना जवळच्याच या संस्थेचे हे ऋण ठाऊक असेल? सत्ताधीशांच्या आप्तांना कायदा लागू आहे काय, असे विचारणाऱ्या प्रत्येक पिढीने ही पाने एकदा उघडावीत.