पाण्याचं मीटर खरं बोलतंय का? टाकी लावून तपासा



ठिबकच्या मेन लाईनवर पाण्याचं मीटर आता आपल्या बऱ्याच सभासदांकडे आहे. त्याचा आकडा बघून आपण पाणी आणि विद्राव्य खत ठरवतो. पण ते मीटर बरोबर आहे का, हे बसवल्यापासून कोणी तपासलेलं नसतं. आजचा मेसेज मोठा आहे, पण पूर्ण वाचा. त्यात माझी एक चूक आहे, ती आधी सांगते.

*काय झालं?*

आपल्या एका सभासद दादांचा दोन एकर डाळिंबाचा प्लॉट आहे. ६०० झाडं, प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे ४ ड्रीपर. म्हणजे तासाला ६०० × ४ × ४ = ९,६०० लिटर पाणी जायला हवं. त्यांनी मीटरचे फोटो पाठवले, त्यात तासाला ६,४०० लिटरच दिसत होतं. मी फोनवरच सांगून टाकलं, "ड्रीपर चोक झालेत, ॲसिड ट्रीटमेंट करा आणि तोपर्यंत एक तासाऐवजी दीड तास चालवा."

त्यांनी तसंच केलं. ॲसिडनंतरही मीटरचा आकडा ६,४०० च राहिला, म्हणून दीड तास चालूच राहिला. दोन आठवड्यांनी फोन आला, "मॅडम, जमीन नुसती चिखलासारखी राहतीया. पाणी खरंच कमी जातंय का?"

तेव्हा मी शेतात गेले. २० ड्रीपरचं पाणी मोजलं. ३ मिनिटांत सरासरी १९५ मिली आलं, अपेक्षा २०० ची होती. ड्रीपर ठीक होते, मीटरच कमी दाखवत होतं. आम्ही काळ्या जमिनीत दीडपट पाणी देत होतो. वाफसा येत नव्हता, पानं पिवळी पडायला लागली होती. पाणी थांबवल्यावर वाफसा आला, नवी पालवी सुटते आहे. पण सखल बाजूच्या काही झाडांची पानगळ अजून थांबलेली नाही. दादांनी शंका घेतली म्हणून लवकर कळलं. ड्रीपर न मोजता सल्ला दिला, ही चूक माझी. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून पुढचं वाचा.

*तपासणी १ : आधी ड्रीपर मोजा*

लाईनच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिळून २० ड्रीपर निवडा. प्रत्येकाखाली ३ मिनिटं भांडं ठेवा आणि मापाने मोजा.
- ताशी २ लिटरचा ड्रीपर : १०० मिली
- ताशी ४ लिटरचा : २०० मिली
- ताशी ८ लिटरचा : ४०० मिली

सरासरी याच्या जवळ असेल आणि मीटर मात्र बराच वेगळा आकडा दाखवत असेल, तर आधी लाईन कुठे फुटली नाही ना, ते बघा. नसेल तर मीटरवर संशय घ्या.

*तपासणी २ : टाकी लावून मीटर तपासा*

१) मीटरच्या पुढच्या बाजूला एक आऊटलेट काढून पाईप १,००० लिटरच्या टाकीत सोडा. मीटर आणि टाकीच्या मध्ये दुसरीकडे कुठेही पाणी जायला नको. २०० लिटरचा बॅरल चालत नाही. तासाला ९,६०० लिटरच्या वेगाने तो सव्वा मिनिटात भरतो आणि व्हॉल्व्ह बंद करायला दोन-चार सेकंद इकडे-तिकडे झाले की हिशोब चुकतो. १,००० लिटरला सव्वासहा मिनिटं मिळतात.

२) टाकीवर छापलंय म्हणून १,००० धरू नका. काठोकाठ भरली तर जास्त मावतं. वजनकाट्यावर तपासलेल्या बादलीने भरून खूण करा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, हा हिशोब. आपल्या केंद्रावरच्या एका टाकीवर अशी खूण केलेली आहे, ती घेऊन जा.

३) व्हॉल्व्ह एवढाच उघडा की मीटरवरचा वेग रोज ठिबक चालताना असतो तेवढाच राहील. मोकळ्या पाईपमधून पाणी जास्त वेगाने जातं, आणि वेग बदलला की मीटरची चूकही बदलते.

४) लाईन भरून हवा निघून गेल्यावर टाकी रिकामी करा, मीटरचा आकडा लिहा, खुणेपर्यंत भरा, पुन्हा आकडा लिहा. असं तीनदा करा.

*हिशोब*

मीटरच्या दोन आकड्यांतला फरक वजा टाकीतलं पाणी, भागिले टाकीतलं पाणी, गुणिले १००. म्हणजे चूक किती टक्के ते कळतं. दादांच्या मीटरने १,००० लिटरला ६४०, ६९० आणि ६७० दाखवलं. सरासरी ६६७, म्हणजे ३३ टक्के कमी. चांगल्या मीटरची चूक नेहमीच्या वेगाला २ टक्क्यांच्या आत असते, अगदी कमी वेगाला ५ टक्क्यांपर्यंत चालते.

आता महत्त्वाची गोष्ट. तिन्ही वेळा चूक जवळपास सारखी आली, तर दुरुस्ती होईपर्यंत आकडा गुणून वापरता येतो. टाकीत १,००० आणि मीटरवर कायम ८०० असेल, तर १.२५ ने गुणा. पण दादांच्यासारखे आकडे वरखाली होत असतील, तर आत काहीतरी अडकतंय किंवा हवा येतेय. अशा मीटरला गुणाकार लावू नका, आधी दुरुस्त करा.

*गडबड कुठे असते?*

- *पाणी जातंय, आकडा हलत नाही किंवा अडखळतो :* आतल्या पंख्यात वाळू, शेवाळ किंवा दोरा अडकलाय. मोटर बंद करा, प्रेशर गेज शून्यावर आल्यावरच झाकण खोला. मऊ ब्रशने साध्या पाण्यात धुवा. तार घालू नका, तेल लावू नका. रबरी रिंग नीट बसवा.
- *आकडा उड्या मारतो, जास्त दाखवतो :* पाईपमध्ये हवा आहे. हवेनेही पंखा फिरतो आणि मीटर ते पाणीच समजतं. फूट व्हॉल्व्ह, सक्शनचे जॉईंट आणि विहिरीची पातळी बघा. मीटरच्या अलीकडे एअर व्हॉल्व्ह असू द्या.
- *मोटर बंद, तरी आकडा हलतो :* लाईनमधलं पाणी मागे येतंय किंवा कुठेतरी गळती आहे. एनआरव्ही तपासा.
- *मीटर आणि कंट्रोलरचे आकडे जुळत नाहीत :* कंट्रोलरमध्ये एका पल्सला किती लिटर, ते चुकीचं भरलंय. १०० च्या जागी १० असेल तर दहापट फरक येतो.
- *आकडा समजत नाही :* मीटर बहुतेक घनमीटरमध्ये असतं. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. लाल आकडे किंवा लाल काटे हे त्याचे अंश असतात.

*बसवण्यातली चूक*

मीटरवरचा बाण पाण्याच्या दिशेनेच हवा. मीटर फिल्टरच्या पुढे बसवा. एल्बो किंवा व्हॉल्व्हला चिकटून नको. मीटरच्या अलीकडे पाईपच्या व्यासाच्या १० पट आणि पलीकडे ५ पट सरळ पाईप ठेवा. २ इंची लाईनला साधारण अर्धा मीटर आणि पाव मीटर. जिथे पाईप अर्धवट भरून वाहतो, त्या उतारावर मीटर बसवू नका.

दादांच्या मीटरच्या पंख्याला शेततळ्यातलं शेवाळ गुंडाळलेलं होतं, कारण फिल्टरची जाळी फाटलेली होती. पंखा धुतला, जाळी बदलली आणि पुन्हा टाकी लावली. ९८५, ९९०, ९८०. चूक दीड टक्का. नुसता पंखा धुतला असता, तर पुन्हा तेच झालं असतं.

*सावधान :* पाणी वापर संस्थेचं किंवा पाटबंधारे खात्याचं सीलबंद मीटर असेल, तर सील तोडू नका. टाकीचे तीन आकडे लिहून त्यांच्याकडे लेखी तक्रार द्या.

ही तपासणी हंगामाच्या सुरुवातीला एकदा करा, आणि मीटर खोलल्यावर प्रत्येक वेळी करा. मीटर काहीही म्हणो, पाणी वाढवण्याआधी मुळाजवळची माती हातात घेऊन वाफसा बघा.

टाकी हवी असेल तर केंद्रावर आदल्या दिवशी सांगा. आकडे याच नंबरवर लिहून किंवा बोलून पाठवा. यापुढे मीटरच्या फोटोसोबत ड्रीपरचं मोजमाप आल्याशिवाय मी पाणी वाढवायचा सल्ला देणार नाही.

आपली,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी