सोयाबीनचे सोले

थंडी पडली की नागपुरात तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडतात, सोलेभात होतो, वांग्यात सोले पडतात. त्याआधी, पोळ्यापासून पुढे काही आठवडे, काटोल-उमरेडकडची शिवारं सोयाबीनच्या हिरव्या शेंगांनी लगडलेली असतात. त्यातला एक दाणाही आपल्या ताटात येत नाही. सारं पीक वाळून कळमन्याच्या बाजारात जातं, तेल निघतं आणि प्रथिनांनी भरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. याची मला खरोखर खंत वाटते.

जपानमध्ये याच कोवळ्या शेंगा ‘एडामामे’ म्हणून चवीने खातात. शेंग भरलेली, पण पानं अजून पिवळी पडायची आहेत, असे जेमतेम आठ-दहा दिवस हाती असतात. शेंग उकडून चिमटीत दाबली की दाणा अख्खा बाहेर येतो; हिरवागार आणि गोडसर. गोडी येते ती साखरेमुळे. पुढे दाणा वाळू लागला की रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा वाढतात. त्या पचवणारं विकर आपल्या शरीरात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि पोटात वायू धरतो. कोवळ्या दाण्यात हा त्रास कमी, शिवाय वाळल्यावर जवळजवळ नाहीसं होणारं क जीवनसत्त्वही असतं.

उकडलेल्या 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 12 ग्रॅम प्रथिनं आणि 5 ग्रॅम तंतू मिळतात. फोलेट तर सुमारे 300 मायक्रोग्रॅम, म्हणजे गरोदर बाईच्या रोजच्या गरजेच्या जवळपास निम्मं. ज्वारीत आणि तांदळात लायसीन कमी पडतं, सोयाबीनमध्ये ते भरपूर आहे. त्यामुळे भाकरीसोबत हे सोले खाल्ले तर दोन्हींची प्रथिनं अंगी लागतात.

मात्र कच्चे खाऊ नयेत. त्यातला ट्रिप्सिन-रोधक प्रथिनांचं पचन अडवतो. मिठाच्या उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटं ठेवले की त्याचा जोर बराच ओसरतो. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवावं. सोयाबीनची ॲलर्जी असेल तर हे खाणं टाळावंच.

खरी अडचण फवारणीची आहे. चक्रीभुंगा, खोडमाशी, उंटअळी यांच्यासाठी पिकावर औषध मारलेलं असतं आणि तेव्हा हिरवी शेंग खायचा विचार कोणाच्याच मनात नसतो. म्हणून व्यापारी पिकातल्या शेंगा तोडून आणू नयेत. घरच्यासाठी बांधापासून दूर, परसात दोन ओळी पेराव्यात आणि त्यांवर रासायनिक औषध मारू नये. बियाण्यासाठी रांचीच्या संशोधन केंद्राने भाजीसाठीच काढलेला, टपोऱ्या दाण्याचा ‘स्वर्ण वसुंधरा’ हा वाण मागून पाहावा.