घरंगळत येणारी सत्ता

आमच्या परिचयातल्या एक बाई मध्यंतरी वकिलाची इंग्रजी नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. वडील मृत्युपत्र न करताच वारले होते, भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत होते. नोटिशीतल्या एका क्रियापदाखाली बाईंनी पेन्सिलीनं रेघ मारली होती. ते क्रियापद होतं ‘डिव्हॉल्व्ह’. शब्दकोशात त्यांना अर्थ सापडला होता ‘सोपवणे’. त्यांचा प्रश्न साधा होता : ‘‘सोपवायचं कुणी? भावांनी ना? आणि त्यांनी नाहीच सोपवलं तर?’’

शब्दकोश चुकला नव्हता, पण अर्धंच सांगत होता.

मूळ लॅटिन. ‘डे’ म्हणजे खाली, ‘वोल्वेरे’ म्हणजे गडगडणं, लोळणं. रिव्हॉल्व्हर, इव्हॉल्व्ह ही सगळी याच घराण्यातली. ग्रंथाच्या खंडाला आपण ‘व्हॉल्यूम’ म्हणतो तोही यांचाच भाऊबंद, कारण पूर्वी ग्रंथ गुंडाळ्यांच्या रूपात असत. तेव्हा डिव्हॉल्व्ह म्हणजे वरून खाली घरंगळत येणं. गंमत अशी, की हे क्रियापद दोन तऱ्हांनी चालतं. कर्म घेऊन चाललं, तर वरचा माणूस खालच्याला काही सोपवतो. कर्माशिवाय चाललं, तर कुणी काही सोपवत नाही. अधिकार किंवा जबाबदारी आपोआप पुढच्याकडे येते. सभापती नसले की काम उपसभापतींकडे येतं, ते असं. (हल्ली ‘चर्चेची हाणामारी झाली’ अशा अर्थानंही हे क्रियापद सर्रास दिसतं. त्याला माझी हरकत नाही, पण तो आजचा विषय नव्हे.)

राज्यकर्त्यांना अर्थातच पहिली तऱ्हा आवडते. १९१९च्या कायद्यानं हिंदुस्थानातल्या प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. त्यासाठी केलेल्या नियमांचं नावच ‘डिव्होल्यूशन रूल्स’. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती हिंदी मंत्र्यांकडे आली. पोलीस, जमीनमहसूल आणि मुख्य म्हणजे तिजोरी राखीव राहिली. शाळा काढायचा अधिकार मंत्र्याचा, पैशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! घरंगळत आलं ते एवढंच.

खुद्द ब्रिटनमध्ये हा शब्द घरोघरी पोचला तो स्कॉटलंडमुळे. १९७९च्या सार्वमतात तिथं ‘हो’ म्हणणारे जास्त होते, पण एकूण मतदारांपैकी चाळीस टक्क्यांचा होकार हवा, या अटीपायी ते फुकट गेलं. १९९७ साली सुमारे ७४ टक्के मतं पडली आणि १९९९मध्ये एडिंबरात संसद भरली. तरी १९९८च्या कायद्यात एक छोटं वाक्य आहेच : स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा वेस्टमिन्स्टरचा अधिकार यामुळे बाधित होत नाही. २०२३च्या जानेवारीत लंडन सरकारनं स्कॉटिश संसदेनं मंजूर केलेलं लिंगओळखीबाबतचं विधेयक याच कायद्यातलं कलम ३५ प्रथमच वापरून अडवलं. उत्तर आयर्लंडची विधानसभा तर २००२ ते २००७ स्थगितच होती. सत्ता कायमची देऊन टाकायची तर इंग्रजीत ‘सीड’ आहे, राजानं सोडायची तर ‘ॲब्डिकेट’ आहे. डिव्हॉल्व्ह केलेल्या सत्तेची दोरी मात्र वरच्याच्या हातात राहू शकते.

आपल्या पंचायतींचंही तेच. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय मोजून मांडले गेले. पण २४३-जी या कलमाच्या इंग्रजी पाठात ‘डिव्होल्यूशन’च्या आसपास क्रियापद आहे ‘मे’, ‘शॅल’ नव्हे. विधिमंडळ अधिकार देऊ शकेल. दिलेच पाहिजेत असं नाही. ग्रामसभेत तावातावानं भांडणाऱ्या सरपंचांना हे दोन अक्षरी अंतर कुणी समजावून सांगत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता बाईंचा कागद. हिंदू वारसा कायदा १९५६चा. मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या मिळकतीबद्दलचं त्यातलं कलम आठ म्हणतं, ‘शॅल डिव्हॉल्व्ह’. इथं ‘मे’ नाही, आणि सोपवणाराही कुणी नाही. ज्या क्षणी वडील गेले, त्या क्षणी त्यांचा हिस्सा पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, यांच्याकडे घरंगळत आला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मानं मिळणारा हक्क वेगळा. तो २००५च्या दुरुस्तीनं आला आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये स्पष्ट केलं.

म्हणजे भाऊ बाईंना काही देणार नव्हतेच. त्यांच्याकडे आलेलं होतं, आणि सही केली तर द्यायच्या होत्या त्या बाई. बहिणीनं मन मोठं करून हक्क सोडला तर सोडावा, तिची खुशी. पण आपण ‘मागणं सोडतोय’ असं समजून नव्हे, ‘आपलं देतोय’ हे समजून.

हे सांगितल्यावर बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग पेन्सिल मागून घेतली आणि ‘सोपवणे’ खोडून वर लिहिलं, ‘आलेले आहे’. पुढच्या आठवड्यात त्या गावी जाऊन वारसनोंदीचा अर्ज देऊन आल्या. हक्कसोडपत्राचा कागद अजून कोराच आहे म्हणतात.